मशीन सीएनसी करताय? कंट्रोलरच्या आधी पल्सचा आणि लाइनचा हिशेब करा

वणी, पुसद, ब्रह्मपुरी, अचलपूर. अशा तालुक्याच्या गावातला सुतार सागवानी दारांवर नक्षी काढायला घरीच सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारी मशीन, बांधतो. फॅब्रिकेशनवाला हिंगणा एमआयडीसीतून हाताने चालणारी जुनी मिलिंग मशीन उचलून आणतो. फ्रेम, बेअरिंग, स्क्रू हे सगळं ही माणसं आपल्या हिकमतीवर उरकतात. गाडी अडते ती कंट्रोलरपाशी. काही शेकड्यांच्या कार्डापासून लाखाच्या पॅनेलपर्यंत सगळ्यालाच बाजारात ‘सीएनसी कंट्रोलर’ म्हणतात, आणि व्हिडिओत पाहिलेला प्रत्येकच चांगला वाटतो.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. खेड्यात मशीन चालवणाऱ्याने दोन प्रश्न सगळ्यात वर ठेवावेत. कामाच्या मध्येच लाइन गेली तर काम पुन्हा कुठून धरता येईल? आणि कार्ड जळालं तर दुसऱ्या दिवशी मशीन चालू करता येईल का? वेग, रंगीत पडदा, अक्षांची संख्या हे सगळं त्याच्यानंतर येतं.

कंट्रोलर नेमकं काय करतो

डिझाइनवरून कॅम सॉफ्टवेअर जी-कोड, म्हणजे मशीनने कुठून कुठे जायचं याच्या आज्ञांची फाइल, बनवतं. कंट्रोलर त्या जी-कोडची एकेक ओळ वाचून ठरलेल्या वेळी पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, सोडतो. पल्स ड्रायव्हरकडे जातो, ड्रायव्हर मोटरला एक छोटी पायरी फिरवतो. साध्या स्टेपर मोटरकडून परत काहीच निरोप येत नाही. मोटर अडकली, ड्रायव्हरचा पुरवठा तुटला, तरी कंट्रोलर पल्स मोजत राहतो आणि आपण पोचलो असं धरून चालतो. म्हणून निवड करताना दोनच गोष्टी तपासायच्या असतात: पल्स वेळेवर आणि पुरेसे निघतात का, आणि काही बिघडलं तर ते कंट्रोलरला कळण्याची सोय आहे का.

पायरी १: काम कागदावर लिहा

‘सगळंच करायचंय’ हे उत्तर चालणार नाही. पहिल्या वर्षी पोट कोणत्या कामावर भरणार, ते लिहा.

प्लायवूड, एमडीएफ कापणं, पाट्या, अक्षरं, सरळ नक्षी असं काम असेल तर जवळपास कुठलाही कंट्रोलर चालतो. दारावर गणपती, वेलबुट्टी असं उठावाचं काम असेल तर गोष्ट बदलते. त्याचा हिशेब पुढे देतो. लेथवर आटे पाडायचे असतील तर स्पिंडलवर (मुख्य फिरणाऱ्या दांड्यावर) एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, लागतो आणि त्याच्या फिरण्याशी स्लाइड जुळवून चालवणारा कंट्रोलर लागतो. आर्डुइनो उनो या छोट्या कार्डावर चालणाऱ्या जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरला ते येत नाही. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लिनक्ससीएनसीला उत्तम येतं. पलंगाचे पाय, खांब गोल फिरवून कोरायचे असतील तर चौथा अक्ष लागतो, आणि उनोवर तीनच आहेत. गॅन्ट्रीला (टेबलावरून सरकणाऱ्या कमानीला) दोन्ही बाजूंनी मोटर असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या होम करून (सुरुवातीच्या स्विचला टेकवून) काटकोनात आणणारा कंट्रोलर बघा, नाहीतर दाराची चौकट तिरकी कापली जाईल.

जुन्या मिलिंग मशीनचा मूळचाच स्क्रू ठेवणार असाल तर बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटातली ढिलाई, आधी डायलने मोजा. लिनक्ससीएनसी आणि विंडोजवरच्या माक३ मध्ये बॅकलॅशची भरपाई करता येते, जीआरबीएलच्या मूळ आवृत्तीत नाही. तरी ही भरपाई म्हणजे इलाज नव्हे. कटर जॉबला स्वतःकडे ओढतो तेव्हा टेबल त्या ढिलाईत सरकतंच. पैसे कमी असतील तर कंट्रोलर स्वस्तातला घ्या, पण बॉलस्क्रू बसवा.

पायरी २: पल्स मोजा

हा हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे, आणि खरेदीतल्या बहुतेक चुका तो न केल्यामुळे होतात.

साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पायऱ्या घेते. ड्रायव्हरवर मायक्रोस्टेप (एका पायरीचे किती तुकडे करायचे तो आकडा) ८ ठेवला तर एका फेऱ्याला १६०० पल्स. १६०५ बॉलस्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकतो. म्हणजे १६०० ÷ ५ = ३२० पल्स प्रति मिमी. मशीन मिनिटाला ३००० मिमी पळवायची असेल तर सेकंदाला ५० मिमी, आणि ५० × ३२० = १६,००० पल्स. उनोवरचा जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देतो. म्हणजे हे काम आरामात होतं.

आता कोणी सांगितलं की मायक्रोस्टेप ३२ ठेवा, अचूकता वाढते. त्याच मशीनला आता १२८० पल्स प्रति मिमी लागतील, त्याच वेगाला ६४,०००. उनो तिथे संपला, आणि अचूकता काही चौपट झालेली नसते. उनोवर ८ वरच थांबा. सर्व्हो मोटर १०,००० पल्स प्रति फेरा अशी लावली तर त्याच स्क्रूवर, त्याच वेगाला सेकंदाला १,००,००० पल्स लागतात. तिथे ३२ बिटचं कार्ड किंवा स्वतंत्र पल्स बनवणारं हार्डवेअरच हवं. जे उत्तर येईल त्यात निदान एक तृतीयांश जागा मोकळी धरा.

उठावाच्या नक्षीत अडचण दुसरीकडून येते. गणपतीची सोंड गोलाईत कोरताना कॅम सॉफ्टवेअर तिचे ०.१ मिमीचे तुकडे करतं आणि फाइल लाखो ओळींची होते. उनोशी यूएसबीवरून बोलणं चालतं ते १,१५,२०० बॉडने, म्हणजे सेकंदाला साधारण ११,५०० अक्षरं. एक ओळ २५ अक्षरांची धरली तर सेकंदाला ४६० ओळी. तुकडा ०.१ मिमीचा, म्हणजे सेकंदाला ४६ मिमी. ही झाली तारेची मर्यादा.

त्याहून कडक मर्यादा पुढचं बघण्याची. उनोवरचा जीआरबीएल १६ ओळी पुढचं बघतो, आणि त्याच्या पुढे रस्ता संपतोय असं धरून वेग ठरवतो. १६ ओळी म्हणजे १.६ मिमी. त्वरण २०० मिमी प्रति सेकंद वर्ग ठेवलं असेल तर १.६ मिमीत थांबता येईल असा वेग सेकंदाला २५ मिमी निघतो, म्हणजे मिनिटाला १५००. तुम्ही प्रोग्रॅममध्ये ४००० लिहा, मशीन १५०० च्या वर जाणार नाही. चार तासांचं दार दहा तास चालेल, आणि तुम्ही मोटर बदलत बसाल. उठावाचं काम रोजचं असेल तर जास्त ओळी पुढचं बघणारा कंट्रोलर घ्या. हे वाक्य मी कुठल्याही नवख्याला पहिल्यांदा सांगतो.

पायरी ३: वायरी मोजा

कंट्रोलरमध्ये किती इनपुट, किती आउटपुट, हे मोटरपेक्षा आधी संपतं. जुन्या पॅरलल पोर्टचं उदाहरण घ्या: १२ आउटपुट, ५ इनपुट. तीन अक्षांचे स्टेप आणि डायरेक्शन म्हणजे ६ आउटपुट गेले. स्पिंडलचा वेग, स्पिंडलचा रिले, कूलंटचा रिले, ड्रायव्हर चालू-बंद असे आणखी चार. इनपुटमध्ये तीन होम स्विच, एक टूलची उंची मोजणारा प्रोब आणि एक इमर्जन्सी, संपले पाच. मोटरच्या अलार्मची वायर कुठे लावणार?

तुमच्या मशीनची यादी करा आणि त्यात दोन इनपुट जास्तीचे धरा. ते कशाला, ते लाइनच्या पायरीत येईल.

इनपुट २४ व्होल्टचे आणि ऑप्टोकपलरने वेगळे केलेले असावेत. उनोचे इनपुट थेट ५ व्होल्टचे असतात. व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू झाला की त्याची गडबड या वायरींत शिरते आणि स्विच दाबलेला नसताना मशीन लिमिटचा अलार्म देऊन थांबते. स्विच नेहमी ‘नॉर्मली क्लोज्ड’ (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) जोडा. उंदराने वायर कुरतडली तर मशीन थांबली पाहिजे. उलट्या जोडणीत ती बिनधास्त पुढे जाऊन धडकते. इमर्जन्सीचं बटण मात्र फक्त कंट्रोलरच्या भरवशावर ठेवू नका. त्याने कॉन्टॅक्टर (पुरवठा तोडणारा मोठा रिले) पाडून मोटरचा पुरवठा आणि स्पिंडल दोन्ही तुटले पाहिजेत.

पायरी ४: कोणत्या घराण्याचा कंट्रोलर

उनो आणि त्यावर बसणारी सीएनसी शिल्ड शिकण्यासाठी उत्तम आहे. शिल्डवरचे छोटे ड्रायव्हर नेमा २३ मापाच्या मोटरला पुरत नाहीत. शिल्डवरून फक्त सिग्नल घ्या आणि डीएम५४२ सारखा बाहेरचा ड्रायव्हर लावा. शिल्डच्या जुन्या छपाईत झेडच्या लिमिटची जागा आणि स्पिंडलची जागा आताच्या जीआरबीएलच्या उलट आहे. लेबल वाचून जोडणारा प्रत्येक नवखा इथे अडतो. जी८१ सारखी ड्रिलिंगची सायकलही यात नाही, म्हणून कॅममध्ये जीआरबीएलचाच पोस्ट-प्रोसेसर (फाइल त्या कंट्रोलरच्या बोलीत लिहिणारा भाग) निवडा.

त्याच जीआरबीएलची ३२ बिटची भावंडं म्हणजे जीआरबीएलहॅल आणि फ्लुइडएनसी. पल्स जास्त, अक्ष जास्त, गॅन्ट्री काटकोनात आणण्याची सोय. फ्लुइडएनसी ईएसपी३२ वर चालतं आणि त्याची सगळी मांडणी एकाच मजकुराच्या फाइलमध्ये असते. ती फाइल मोबाइलमध्ये जपून ठेवली की नवं कार्ड लावून तीच फाइल चढवायची, मशीन पूर्ववत. लाकडाच्या राउटरसाठी माझी पहिली शिफारस हीच. फक्त ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, म्हणून ५ व्होल्टचा बफर असलेलंच कार्ड घ्या.

माक३ आपल्याकडे अजून पुष्कळ चालतं, आणि ओळखीत ते येणारा कोणीतरी सापडतो, ही त्याची खरी जमेची बाजू. पण त्याचा विकास थांबलाय, आणि पॅरलल पोर्टवर चालवायचं तर ३२ बिटचं जुनं विंडोज आणि तसाच जुना कॉम्प्युटर सांभाळावा लागतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यात शिरू नये.

लिनक्ससीएनसीचा उगम अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेतला. विनामूल्य आहे आणि मिलिंग, लेथ, आटे, टॅपिंग यांत घरगुती कंट्रोलरांपैकी सगळ्यात समर्थ. शिकायला मात्र महिना-दोन महिने रोज संध्याकाळी बसावं लागेल. पॅरलल पोर्टवर चालवायचं असेल तर आधी त्याची लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर किती उशीर करतो याची चाचणी) लावून कॉम्प्युटरवर बाकी कामं सुरू करा. सगळ्यात वाईट आकडा २०,००० नॅनोसेकंदांच्या आत आला तर कॉम्प्युटर चांगला. १,००,००० च्या वर गेला तर तो सोडून द्या. लॅपटॉप यात बहुधा नापास होतात. मेसा कंपनीचं इथरनेटवालं कार्ड लावलं तर पल्स कार्डावर बनतात आणि कॉम्प्युटरवरचा भार हलका होतो. ते परदेशातून मागवावं लागतं, कस्टम भरावं लागतं, वाट बघावी लागते. धातूचं काम करणाऱ्याने तरी तीच वाट धरावी, असं मला वाटतं.

उरले बिनकॉम्प्युटरचे. रिचऑटोचा ए११ हा हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर आणि डीडीसीएस हे त्यातले ओळखीचे. पेनड्राइव्ह लावायचा, फाइल निवडायची, बटण दाबायचं. कामाला पोरं ठेवली असतील, टिनाच्या शेडमध्ये धूळ असेल, कॉम्प्युटर टिकत नसेल, तर दिवसभराच्या दारांच्या कामाला हेच सोयीचे. लाइन गेल्यावर काम कुठे थांबलं तेही हे लक्षात ठेवतात. पण आतलं कार्ड गेलं तर गावात दुरुस्त होत नाही, आणि रिचऑटोच्या नकला बाजारात खूप आहेत. बदलून देणारा दुकानदार असेल तरच घ्या.

पायरी ५: लाइनचा विचार

शेतीच्या जोडणीवर वर्कशॉप चालवायला परवानगी नाही, आणि कृषी फीडरवरची थ्री फेज दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास अशी पाळीपाळीने मिळत आलीय. तेव्हा गावठाण फीडरची सिंगल फेज धरूनच बेत करा. २.२ किलोवॅटचा स्पिंडल सिंगल फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीने फिरतो.

ओलिताच्या दिवसांत व्होल्टेज पडतं. पडलं की व्हीएफडी अंडरव्होल्टेजवर ट्रिप होतो आणि स्पिंडल थांबतो. कंट्रोलरला याचा पत्ता नसतो. तो थांबलेला कटर लाकडात रेटत नेतो, कटर तुटतो, जॉब जातो. यावर उपाय स्वस्त आहे. बहुतेक व्हीएफडीत एक रिले असतो, तो ‘फॉल्ट’साठी लावता येतो. त्याची वायर कंट्रोलरच्या फीड होल्ड (अक्ष थांबवून धरणाऱ्या) इनपुटला द्या. उनोवर ती जागा ए१ आहे. व्हीएफडी ट्रिप झाला की अक्ष सावकाश थांबतात, पायरी चुकत नाही, आणि तोवर स्पिंडल आपल्या झोकाने मंदावत फिरत असतो. जास्तीचा पहिला इनपुट यासाठी.

दुसरा इनपुट मोटरच्या पुरवठ्यासाठी. पुष्कळ जण कॉम्प्युटरला यूपीएस लावतात आणि मोटर लाइनवर ठेवतात. लाइन गेली की मोटर मेलेल्या आणि कंट्रोलर पल्स सोडतोय, म्हणजे जागा हमखास चुकली. कंट्रोलर आणि स्टेपरचा पुरवठा दोन्ही एकाच साइनवेव्ह इन्व्हर्टरवर ठेवा. तीन नेमा २३ मोटरना तो पुरतो. स्पिंडल लाइनवर राहू द्या. एक रिले थेट लाइनवर बसवून त्याचाही संपर्क फीड होल्डकडे न्या. लाइन आल्यावर ओळीचा नंबर टिपून काम थांबवा, कटर वर घ्या, पुन्हा होम करा, स्पिंडल फिरवून काही ओळी मागून सुरू करा. होम स्विच नसतील तर हे जमत नाही, आणि अर्धवट दार फुकट जातं. जी५४ मध्ये नोंदलेली जॉबची जागा कंट्रोलरच्या स्मृतीत राहते, पण ती मोजली जाते होमपासूनच.

अर्थिंग खरं असू द्या. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याची पकड सुटते. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत राहा. व्हीएफडीपासून स्पिंडलपर्यंतची केबल शिल्डेड घ्या आणि सिग्नलच्या वायरींपासून दूर न्या. कॉम्प्युटर आणि कंट्रोलर यांच्यात यूएसबीऐवजी इथरनेट मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्या. त्यात ट्रान्सफॉर्मरने दोन्ही बाजू वेगळ्या असतात, त्यामुळे व्हीएफडीच्या गडबडीने जोडणी तुटत नाही. मृगाच्या आधीच्या विजांच्या दिवसांत काम संपलं की प्लग काढून ठेवा.

उन्हाचं राहिलंच. चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. ड्रायव्हर आणि पुरवठा मोठ्या पेटीत, एकमेकांपासून अंतर ठेवून बसवा, पंख्याला जाळी लावा, जिनिंगजवळ असाल तर कापसाच्या तंतूंनी ती जाळी आठवड्यात बुजते. कूलरचा झोत पेटीवर मारू नका. ओली हवा आणि लाकडाची भुकटी मिळून कार्डावर थर बसतो.

पायरी ६: मशीनवर चढवण्याआधी टेबलावर चालवा

कंट्रोलर, एक ड्रायव्हर, एक मोटर टेबलावर जोडा. मोटरच्या शाफ्टला टेपचा झेंडा लावा, त्याच्या मागे पेन्सिलने खूण करा. पुढे-मागे धावणारा छोटा प्रोग्रॅम तासभर चालवा. झेंडा खुणेवर परत आला पाहिजे. दर वेळी एकाच दिशेला थोडाथोडा सरकत असेल तर दिशा बदलताना सिग्नलची वेळ चुकतेय. डीएम५४२ ला दिशेचा सिग्नल पल्सच्या ५ मायक्रोसेकंद आधी लागतो आणि पल्स निदान २.५ मायक्रोसेकंदांचा. जीआरबीएलमध्ये $२ बदलून पल्स उलटा करून बघा. वेग वाढवल्यावरच सरकत असेल तर त्वरण कमी करा, किंवा पुरवठा २४ ऐवजी ३६ व्होल्टचा लावा.

नंतर स्पिंडल चालू ठेवून हीच चाचणी पुन्हा घ्या. स्पिंडल बंद असताना पास होणारी मांडणी चालू असताना नापास होऊ शकते, आणि ते टेबलावरच कळलेलं बरं.

मशीनवर बसवल्यावर डायल लावून प्रत्येक अक्ष १०० मिमी पळवा आणि पल्स प्रति मिमी पक्के करा. जीआरबीएलमध्ये $$ लिहिलं की सगळ्या मांडण्या समोर येतात. त्यांची एक प्रिंट पेटीच्या दाराच्या आत चिकटवा, एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात पुढच्या फेरीत गेलात की त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड घेऊन या, मांडणी भरून एकदा चालवून बघा आणि बंद पिशवीत ठेवा. त्यानंतर पहिला जॉब हवेत, कटर लाकडाच्या वर १० मिमी ठेवून, पूर्ण चालवा.